सावळ्या त्वचेवरील मुरमांचे व्रण : उपचार निवडताना

मुरूम गेल्यावर चेहऱ्यावर जे मागे उरते त्याला आपण सरसकट 'डाग' म्हणतो, आणि चुकीच्या उपचाराची सुरुवात बहुतेक वेळा या एका शब्दापासूनच होते. डाग म्हणजे रंग आणि व्रण म्हणजे त्वचेच्या घडणीत झालेला बदल. रंगावरचे औषध खड्डा भरत नाही, आणि खड्ड्यावरचा उपचार घाईने केला तर सावळ्या त्वचेवर नवा रंग चढवतो. म्हणून कोणत्याही यंत्राची चौकशी करण्याआधी आपल्या चेहऱ्यावर नेमके काय आहे ते पाहून घ्यावे.

त्यासाठी एक साधी तपासणी घरीच करता येते. खोलीत अंधार करून आरशासमोर उभे राहावे आणि मोबाइलचा टॉर्च कानाजवळून, गालाला जवळजवळ समांतर धरावा. समोरच्या उजेडात काळपट दिसणारी जागा या तिरक्या उजेडात सपाटच राहिली, तिच्या काठाला सावली पडली नाही, तर तो निव्वळ डाग आहे. सावली पडली तर खड्डा आहे. आता दोन बोटांनी त्या भोवतीची त्वचा हलकेच ताणावी. खड्डा जवळजवळ नाहीसा झाला तर तो पसरट, लाटेसारखा व्रण असून त्याला खालून तंतूंनी ओढून धरलेले असते. काठ उभे आणि स्पष्ट राहिले तर तो पेटीसारखा व्रण, आणि जाड सुईने टोचल्यासारखे अरुंद पण खोल छिद्र असेल तर तो 'आइस पिक' प्रकार समजावा. एकाच गालावर हे तिन्ही प्रकार असणे अगदी सामान्य आहे, आणि म्हणूनच एका उपचारात सगळे साफ होईल हे आश्वासन मी संशयानेच ऐकतो.

गडद त्वचेत रंग तयार करणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या त्वचेपेक्षा फारशी जास्त नसते. त्या अधिक रंगद्रव्य तयार करतात आणि दाह झाला की चटकन चेतवल्या जातात. मुरूम हा दाहच असतो. पण लेझरची उष्णता, तीव्र पील (रसायनाने त्वचेचा वरचा थर सोलणे) किंवा अवाजवी खरवडणे हेही त्वचेच्या दृष्टीने दाहच ठरतात. त्वचेचा रंग आणि उन्हाला ती देत असलेला प्रतिसाद यांवरून त्वचेचे प्रकार पाडणारी, त्वचारोगतज्ज्ञ वापरतात ती फिट्झपॅट्रिक श्रेणी १९७५ साली मांडली गेली, आणि तिच्या सहा प्रकारांपैकी चौथ्या ते सहाव्या, म्हणजे गडद, प्रकारांत हा धोका विशेष असतो. त्यामुळे उपचार निवडताना खड्डा किती भरेल या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा प्रश्न असा, की त्वचेच्या वरच्या थरात किती उष्णता जाणार आहे.

नवे मुरूम येत असतील तर आधी ते आटोक्यात आणावेत. गळक्या छताखाली भिंत रंगवण्यात अर्थ नसतो. त्याच काळात डागांवर काम सुरू करता येते. १५ ते २० टक्के अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड आणि अ‍ॅडापॅलीनसारखे रेटिनॉइड (अ जीवनसत्त्वाच्या गटातले औषध) यांचा उपयोग होतो. मात्र गर्भधारणेत किंवा तिची शक्यता असताना रेटिनॉइड टाळावे. डाग फिकट करणारे हायड्रोक्विनोन डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि ठरावीक मुदतीपुरतेच लावावे, कारण दीर्घकाळ वापरल्यास तेच निळसर-काळी झाक आणू शकते. 'गोरे करणारी' म्हणून मिळणारी स्टिरॉइडमिश्रित क्रीमे तर मुळीच लावू नयेत. त्यांनी त्वचा पातळ होते आणि मुरूम उलट वाढतात. सनस्क्रीन आयर्न ऑक्साइड असलेले, म्हणजे रंगछटा असलेले निवडावे, कारण गडद त्वचेत डोळ्यांना दिसणारा प्रकाशही डाग गडद करतो आणि साध्या सनस्क्रीनने तो पुरेसा अडत नाही.

खड्ड्यांच्या बाबतीत कमी उष्णतेच्या उपायांपासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पसरट व्रणांसाठी सबसिजन हा फार उपयोगी उपाय आहे : सुई त्वचेखाली घालून खड्ड्याला ओढून धरणारे तंतू तोडले जातात. काही दिवस काळानिळा रंग आणि सूज राहते, पण वरच्या थराला जवळजवळ धक्का लागत नाही. उथळ पेटीसारख्या व्रणांना मायक्रोनीडलिंग, म्हणजे बारीक सुयांनी त्वचेला सूक्ष्म छिद्रे पाडणे, मानवते. त्यात उष्णता नसल्यामुळे रंग बिघडण्याचा धोका तुलनेने कमी असतो. त्याचाच रेडिओफ्रीक्वेन्सीसह (सुयांतून रेडिओलहरींची उष्णता सोडून) केलेला प्रकार घ्यायचा असेल तर सुयांवर आवरण आहे का, हे विचारावे, कारण आवरण असलेल्या सुया उष्णता खोलवर सोडतात आणि पृष्ठभाग वाचवतात. घरी रोलर फिरवून हाच परिणाम साधेल असे मानू नये. तिथे जंतुसंसर्ग आणि ओरखडे यांचीच भीती जास्त.

आइस पिक छिद्रांवर तीव्र ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचा बारीक थेंब टोकदार काडीने नेमका छिद्राच्या तळाशी टेकवतात. याला टीसीए क्रॉस म्हणतात. थेंब बाहेर पसरला तर भोवती काळी किंवा पांढरी कडी उरू शकते, म्हणून हे काम सराईत हातांचेच आहे. फार खोल छिद्रे पंचने (गोल पात्याच्या छोट्या उपकरणाने) कापून टाके घालणे काही वेळा अधिक बरे.

लेझर वर्ज्य नाहीत, पण त्यांचा क्रम नंतरचा. त्वचेचा पृष्ठभाग न सोलणारे १५५० नॅनोमीटरचे फ्रॅक्शनल (सगळ्या त्वचेऐवजी बारीक ठिपक्यांवरच किरण सोडणारे) लेझर पृष्ठभाग सोलणाऱ्या कार्बन डायऑक्साइड लेझरपेक्षा सावळ्या त्वचेला सुरक्षित असते, आणि तेही किरणांची घनता कमी ठेवून, जास्त बैठकांत. उंचवटा आलेले व्रण किंवा केलॉइड (मूळ जखमेबाहेर वाढत जाणारे जाड व्रण) असतील, अथवा घरात कुणाला केलॉइडची प्रवृत्ती असेल, तर ते आधीच सांगावे. तिथे स्टिरॉइडचे इंजेक्शन आणि सिलिकॉन हा वेगळाच मार्ग असतो. मुरमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असल्यास किंवा नुकत्याच थांबवल्या असल्यास तेही लपवू नये.

डॉक्टरांना भेटताना आपल्याइतक्याच गडद त्वचेची उपचारापूर्वीची आणि नंतरची छायाचित्रे मागावीत. मात्र दोन्हींत प्रकाश एकाच बाजूने पडला आहे ना, ते पाहावे. समोरून भरपूर उजेड टाकला की खड्डे आपोआप 'बरे' होतात. लेझर किंवा तीव्र पील घेण्याआधी जबड्याच्या कडेला छोटी चाचणी करून घ्यावी आणि ४ ते ६ आठवडे थांबून निकाल पाहावा, कारण काळपटपणा बहुधा काही आठवड्यांनीच उमटतो. तसा तो उमटला तर पुढची बैठक पुढे ढकलावी, आधी डागावर उपचार करावा आणि यंत्राची मात्रा कमी करण्याविषयी बोलावे. खड्डा किती भरला याचा अंदाज मात्र इतक्या लवकर बांधू नये, कारण त्वचेला आधार देणारे नवे कोलॅजन (एक प्रथिन) तयार व्हायला ३ ते ६ महिने लागतात.