घरी बनवलेला ड्रम सँडर: या चुका टाळा

फळी सँडरमधून बाहेर आली, जाडी मोजायला वर्नियर लावला, तर डावीकडे १८ मिमी आणि उजवीकडे १८.६. घरी ड्रम सँडर, म्हणजे पॉलिश पेपर गुंडाळलेल्या फिरत्या ड्रमखालून फळी ढकलून ती घासणारं मशीन, बनवणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला हे पहिल्याच दिवशी येतं. मग टेबलाखाली पत्र्याची चकती घालायची, पुन्हा फळी ढकलायची, पुन्हा मोजायचं. माझे तीन रविवार यातच गेले. चकत्या घालून हे सुटत नाही, कारण ड्रम त्याच्या जागेवर, फिरत असताना, गोल केलेलाच नसतो.

१८ मिमी एमडीएफच्या ३४ चकत्या २० मिमीच्या ब्राइट बारवर (गुळगुळीत पोलादी सळई, हाच शाफ्ट) ओवून चिकटवल्या की साधारण ६१ सेंमीचा ड्रम होतो. प्रत्येक चकतीचं भोक केसभर तरी सरकलेलं असतं. म्हणून बरेच जण नाशकातल्या सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीतल्या लेथवाल्याकडून ड्रम टर्न करून, म्हणजे लेथवर गोल कापून, आणतात. त्यात चूक काही नाही, पण तिथे काम संपत नाही. तुमच्या फ्रेमवर एक बेअरिंग दुसऱ्यापेक्षा अर्धा मिमी खाली बसलं की तोच सुरेख ड्रम टेबलाशी तिरका होतो.

तेव्हा आधी बेअरिंग पक्की आवळा, मोटारीचा पट्टा चढवा आणि ड्रमवर पेपर धरून ठेवणारं वेल्क्रो लावण्याआधी हे करा. ड्रमच्या रुंदीएवढ्या सपाट एमडीएफच्या तुकड्यावर ८० नंबरचा पॉलिश पेपर पूर्ण चिकटवा. ड्रमवर पेन्सिलने या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघोट्या मारा. मशीन चालू करून तो तुकडा टेबलावर मागे-पुढे सरकवत राहा आणि टेबल अगदी हळू वर घ्या. सुरुवातीला खर्र... खर्र... असा तुटक आवाज येतो, कारण ड्रमचा फक्त उंच भाग पेपरला लागतोय. थांबवून पाहिलं तर काही चकत्यांवरची पेन्सिल गेलेली, काहींवर तशीच. शेवटची रेघ जाईपर्यंत आवाज सलग झालेला असतो. अर्धा तास लागतो, एमडीएफचा धुरळा घरभर होतो, पण आता ड्रम गोलही झाला आणि टेबलाशी समांतरही. यानंतर बेअरिंगचा बोल्ट सैल केलात तर हे सगळं पुन्हा करायचं.

चिकटवण्याच्या बाबतीत एक सांगतो. चकत्या एकमेकांना फेविकॉलने बसतात, शाफ्टला नाही. शाफ्टवर एपॉक्सी लावा, शिवाय दोन्ही टोकांच्या चकत्यांतून आणि शाफ्टमधून आरपार पिन घाला. नाहीतर ऐन कामात शाफ्ट फिरतो आणि ड्रम जागेवर थांबतो.

पेपर सुटतो, फाटतो

पॉलिश पेपरची पट्टी ड्रमवर अंदाजाने गुंडाळू नका. ड्रमचा व्यास १२५ मिमी असेल तर परीघ ३९३ मिमी. १०० मिमी रुंद पट्टीच्या एका कडेवर ३८० मिमीवर खूण करा आणि तिथून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरका काप घ्या. त्या कापाची लांबी बरोबर परिघाएवढी भरते, म्हणून तो ड्रमच्या कडेला चपखल बसतो. पट्ट्यांच्या कडा एकमेकींवर चढू देऊ नका. चढलेली कड दर फेऱ्याला लाकडावर आपटते आणि फळीवर लांब ओरखडा उठतो.

फळी उलटी ढकलणं

ही चूक एकदाही करू नका. ड्रम वर, टेबल खाली अशा मशीनमध्ये ड्रमचा खालचा भाग तुमच्याकडे फिरत यायला हवा आणि फळी त्याच्या विरुद्ध जायला हवी. फिरण्याच्या दिशेनेच फळी दिली तर ड्रम ती हातातून ओढून पलीकडे भिरकावतो. माझ्या हातून एकदा असं झालं आणि दीड फुटाची पट्टी समोरच्या दरवाजावर आदळली. त्या दिवशी दारात मुलगी उभी नव्हती, एवढंच. तेव्हापासून फ्रेमवर मोठा लाल बाण रंगवलेला आहे. बाण आजच रंगवा, आणि फळीच्या रेषेत उभं न राहता बाजूला उभे राहा.

फूटभराहून लहान तुकडा हाताने देऊच नका. देव्हाऱ्याच्या छोट्या पट्ट्यांसाठी मी दोन्ही बाजूंना त्याच जाडीच्या लांब पट्ट्या चिकटवतो आणि काम झालं की कापून टाकतो.

जळके डाग आणि आडव्या लाटा

डाग पडले की लोक मोटार बदलायला निघतात. १४४० आरपीएमची एक एचपी मोटार आणि दोन्हीकडे सारख्या पुल्या असतील तर १२५ मिमीच्या ड्रमला वेग पुरेसा आहे. २८०० आरपीएमची मोटार थेट जोडली तर सागवान जळणारच. बाकी वेळा कारण एकच, एका फेरीत जास्त खाणं. टेबल एका बाजूला बिजागरीवर, दुसऱ्या बाजूला १२ मिमीच्या बोल्टवर आणि ड्रम मधोमध असेल, तर बोल्टच्या पाव फेऱ्यात ड्रमखाली साधारण ०.२ मिमी उचल मिळते. ८० नंबरला तेवढीच घ्या, बारीक पेपरला त्याहून कमी. लाट मात्र फळी ढकलताना हात थांबल्याने पडते. जिथे क्षणभर थांबलात तिथे खड्डा.

सागवान तेलकट असतं, पेपर लवकर भरतो. कच्च्या रबराची कांडी लाकडी ठोकळ्याला चिकटवून फिरत्या ड्रमला हलकी लावली की भरलेला पेपर बराच मोकळा होतो. जुन्या नाशकातल्या उतरवलेल्या वाड्यांचं सागवान वापरत असाल तर आधी लोहचुंबक फिरवा. आत मोडलेला खिळा पेपर तर फाडतोच, पण त्याची ठिणगी भुशाच्या पिशवीत गेली तर ती तासन्‌तास धुमसते. पिशवी रोज घराबाहेर रिकामी करा.

धुळीबाबत हलगर्जी नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींत धरली. ड्रमवर झाकण, त्याला व्हॅक्यूमचा पाइप आणि तोंडावर एन९५ मास्क, तिन्ही हवेत. साध्या बटणाऐवजी नो-व्होल्ट कॉइलचा स्टार्टर बसवा, म्हणजे गेलेली वीज परत आली तरी मशीन आपोआप सुरू होणार नाही.

एमडीएफला वेल्क्रोआधी लाखेच्या पॉलिशचे दोन हात द्या, कापलेल्या कडांनाही. तरीही नाशकात जून ते सप्टेंबर हवा दमट असते आणि ड्रम थोडा फुगतो. पाऊस लागला की वीज बंद करून, पट्टा उतरवून, पेपर काढा आणि टेबल ड्रमला जेमतेम टेकवून ड्रम हाताने फिरवून बघा. एखाद्या जागी अडला, तर वेल्क्रो सोलून पेन्सिल हातात घ्या.