खर्चाची वही दुसऱ्याच्या हाती देताना

चौदा वर्षं मी कोल्हापुरात चित्रपटांचं प्रॉडक्शन सांभाळलं, त्यातली शेवटची सहा स्वतः निर्माता म्हणून. मग दिग्दर्शनाकडे वळलो. याच वाटेनं येऊ पाहणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

माझ्या पहिल्या चित्रपटाचा तिसरा दिवस. पन्हाळ्यावर संध्याकाळचा सीन. मुलाला एसटीत बसवून आई घरी येते आणि दारातच थांबते. आईचं काम करणाऱ्या ताईंनी विचारलं, "मी इथं थांबते ती कशासाठी?" मी म्हणालो, "ताई, उजेड चाललाय, पटकन घेऊ या." त्या काही बोलल्या नाहीत. शॉट वेळेत झाला. एडिटला बसल्यावर दिसलं, की ती बाई दारात नुसती उभी आहे. सीन काढून टाकावा लागला. जनरेटर, गाड्या, साठ माणसांचं जेवण, सगळं पाण्यात गेलं.

निर्माता असताना कुणी काही विचारलं की मी आधी घड्याळ बघायचो. ती सवय खुर्ची बदलली म्हणून जात नाही. दिग्दर्शकाकडे तर दिवसभर माणसं विचारायलाच येतात. टिकली पुसट हवी का? पदर खांद्यावर की डोक्यावर? मागं कुकरची शिट्टी ऐकू येऊ दे का? यांची उत्तरं कॉलशीटमध्ये, म्हणजे त्या दिवसाच्या शूटिंगच्या वेळापत्रकात, नसतात. ती शूटिंगच्या आधी, कलाकारांसोबत संहिता वाचता वाचता सापडतात. आपल्याकडं राज्य नाट्य स्पर्धेत तयार झालेले नट आहेत, ते तालमीला कंटाळत नाहीत. त्यांना महिनाभर आधी बोलवा. चहा-नाश्त्याएवढाच खर्च येतो.

दामले आणि फत्तेलाल यांचं उदाहरण मला फार जवळचं वाटतं. १९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली तेव्हा हे दोघे भागीदार होते. पण त्याआधी चित्रपटकार बाबूराव पेंटरांच्या हाताखाली त्यांनी वर्षानुवर्षं काम केलेलं. प्रभातमध्ये दामल्यांनी ध्वनी सांभाळला, फत्तेलालांनी कलादिग्दर्शन. कंपनी १९३३ साली पुण्याला गेली आणि १९३६ साली या दोघांनी 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला. मालकीचा वाटा होताच, पण हात कामात मुरलेले होते. म्हणून निर्मात्यांना माझं सांगणं, दिग्दर्शनाआधी एखाद्या विभागात बसा. मी एडिटरशेजारी दोन महिने बसलो, तेही पहिला चित्रपट फसल्यावर. आधी बसायला हवं होतं.

पैशांचं थोडक्यात. डबिंग, डीआय (चित्राचे रंग-उजेड जुळवण्याचं काम), सेन्सॉर यांची रक्कम शूटिंग सुरू करण्याआधीच बाजूला काढा. दहा टक्के राखीव ठेवा. आणि स्वतः दिग्दर्शन करताय तर खर्चाची वही कार्यकारी निर्मात्याच्या हाती द्या, तुम्हाला 'नाही' म्हणायच्या अधिकारासकट. तो अधिकार करारात लिहा, नाहीतर तो बिचारा तुमच्याच तोंडाकडं बघत राहतो. बिलं पॅकअपनंतरच बघायची, असा माझा नियम आहे.

दुसऱ्या चित्रपटात त्याच ताई होत्या. रंकाळ्यावरच्या एका शॉटला त्यांनी पुन्हा विचारलं, "मी वळून का बघते?" मला खरंच सांगता येईना. म्हणालो, "ताई, दोन-तीनदा चालून बघू." चालता चालता त्याच म्हणाल्या, "ही वळणारच नाही. नुसती हळू होईल." तोवर उजेड गेला होता. कार्यकारी निर्मात्यानं राखीवमधून अर्धा दिवस दिला आणि पुढचा मागायचा नाही म्हणून बजावलं. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही पुन्हा रंकाळ्यावर गेलो.