तीच पोझिशन तिसऱ्यांदा येतेय? आधी लिहा, हात लावू नका

मोबाइलवर चेस डॉट कॉमला बुद्धिबळ खेळताना तीच पोझिशन (पटावरची सोंगट्यांची मांडणी) तीनदा आली की ड्रॉ, म्हणजे बरोबरी, आपोआप होतो, म्हणून पोरं टूर्नामेंटला पण तसंच होईल म्हणून बसून राहतात. तिथे क्लेम करावा लागतो, म्हणजे ड्रॉ स्वतः मागावा लागतो बाबांनो! तुमच्या चालीने तिसऱ्यांदा येणार असेल तर सोंगटीला हात न लावता ती चाल फक्त स्कोअरशीटवर (चाली लिहायच्या कागदावर) लिहायची, घड्याळ थांबवायचं आणि आर्बिटरला, म्हणजे पंचांना, बोलवायचं. माझ्या भाच्याने आधी वजीर सरकवला, घड्याळ दाबलं आणि मग हात वर केला, समोरच्याने निवांत दुसरी चाल खेळली, हातातला ड्रॉ गेला. आणि हो, सलग तीनदाच यायला पाहिजे असं नाही. क्लेम चुकला तर समोरच्याला २ मिनिटं जास्त मिळतात आणि लिहिलेली चाल खेळावीच लागते, त्यामुळे अक्षर नीट काढा.