लाइट गेल्यावर सापडेल आणि पेटेल अशी बॅटरी कशी घ्यायची

लाइट गेली की आमच्याकडे सगळ्यात आधी कोणीतरी गॅलरीत जाऊन समोरच्या बिल्डिंगमध्ये आहे का ते बघतं. समोर असेल तर आपला फ्यूज नाहीतर फेज गेला, समोर पण नसेल तर उगाच जरा बरं वाटतं. मग दुसरं वाक्य ठरलेलं, अरे बॅटरी कुठंय? आणि ती बॅटरी, म्हणजे टॉर्च, शोधायला मोबाईलची बॅटरी लावायची. हे मी गमतीत सांगत नाहीये, मागच्या पावसाळ्यात विक्रोळीला आमच्या घरात शब्दशः हेच झालं, आणि मोबाईल होता अकरा टक्क्यांवर.

घरात तेव्हा दोन टॉर्च होते. एक ऑनलाइन घेतलेला रिचार्जेबल, ज्याच्या डब्यावर एवढे आकडे होते की वानखेडेला एक पुरला असता, तो आठ महिने कपाटात पडून पार मेलेला. दुसरा जुना दोन मोठ्या सेलचा, तो हलवला तर आतून खुळखुळ नाही काही नाही, झाकण फिरेना, पकडीने फिरवलं तर आत सेल फुगून चिकटलेले आणि स्प्रिंगवर हिरवट पांढरी पावडर. आई म्हणाली ठेव ते, समई लावते. त्या रात्री समईच्या उजेडात तिच्या गोळ्या शोधल्या आणि दुसऱ्या दिवसापासून मी या विषयात जरा जास्तच घुसलो.

माझं म्हणणं एकच आहे. घरातल्या लाइट जाण्यासाठी टॉर्च घेताना तो किती लांब मारतो ते बघू नका, आठ महिने कोणी हात न लावता पडून राहिल्यावर पेटेल का ते बघा. मुंबईत खेडेगावासारखं रोजचं लोडशेडिंग नाही, त्यामुळे आपले टॉर्च वापरून मरत नाहीत, पडून पडून मरतात. बाकी सगळं त्याच्यानंतर.

तर पहिला प्रश्न, आत काय आहे. दुकानात तीन जाती मिळतात. एक म्हणजे तो जाडा प्लॅस्टिकचा टॉर्च, ज्याच्या मागून दोन पिना बाहेर येतात आणि तो थेट प्लगात लावायचा. यातल्या बऱ्याच टॉर्चमध्ये ४ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी असते, म्हणजे स्कूटरच्या बॅटरीचं छोटं भावंड. हातात घेतला की वजनावरून कळतं. ही बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की आतल्या प्लेटा खराब होतात आणि मग कितीही चार्ज करा, दहा मिनिटांत मान टाकते. आणि स्वस्तातल्या टॉर्चमध्ये चार्ज पूर्ण झाला की आपोआप बंद व्हायची सोयच नसते, त्यामुळे रात्रभर लावून ठेवला तरी वाट लागते. गावाला जिथे रोज दोन तास लाइट जाते तिथे ठीक आहे, रोज वापर रोज चार्ज. आपल्याकडे नको.

दुसरी जात लिथियमवाली, यूएसबीवर चार्ज होणारी. हिचा चार्ज पडून राहिला तरी हळू उतरतो, दर तीन महिन्यांनी एकदा लावला की झालं. पण दोन गोष्टी बघा. सेल बाहेर काढता येतो का, कारण आतमध्ये सोल्डर करून बसवलेला असेल तर तो गेला की टॉर्च पण गेला. बहुतेकांमध्ये १८६५० नावाचा सेल असतो, आकडा म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, एवढा सरळ अर्थ. चांगल्या कंपनीचा हा सेल जास्तीत जास्त ३५०० एमएएचच्या (किती चार्ज मावतो त्याचं माप) आसपास असतो, तर ज्याच्यावर ९९०० एमएएच छापलंय तो सेल खोटं बोलतोय, आणि जो सेल एका गोष्टीत खोटं बोलतो त्याला घरात चार्जिंगला लावून मी झोपणार नाही. दुसरं म्हणजे चार्जिंगचं पोर्ट. टाइप-सी असेल तर उत्तम, पण काही स्वस्त टॉर्च दोन्ही बाजूंनी टाइप-सी असलेल्या वायरने चार्जच होत नाहीत, आतमध्ये काही पैशांचे रेझिस्टर वाचवलेले असतात. लोक म्हणतात पीस खराब निघाला. एकदा जुन्या चौकोनी यूएसबीच्या वायरने लावून बघा, बहुतेक वेळा चालतो.

तिसरी जात साध्या सेलची, आणि हसू नका, पण घरात एक टॉर्च तरी हाच हवा. पेन्सिल सेल कुठेही मिळतो, खालच्या वाण्याकडे, मेडिकलमध्ये, स्टेशनबाहेर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा आमच्याकडे लाइट गेली ती तिसऱ्या दिवशी आली. असल्या वेळी रिचार्जेबल टॉर्च चार्ज कशावर करणार? वाण्याने मात्र दुसऱ्या दिवशी अर्धं शटर उघडून सेल विकले, छापील भावाने, हे पण सांगायला पाहिजे. म्हणून टॉर्च घेताना घरात आधीच जे सेल वापरतो त्याच मापाचा घ्या. रिमोट आणि घड्याळातला सेल टॉर्चला चालला पाहिजे. मोठ्या सेलचा टॉर्च खूप वेळ चालतो हे खरं, पण ते सेल आता प्रत्येक दुकानात नसतात.

सेल अल्कलाइन घ्या. स्वस्त सेलमध्ये जस्ताचं बाहेरचं भांडंच रासायनिक क्रियेत झिजत जातं, मग भोक पडून आतलं बाहेर येतं, माझ्या जुन्या टॉर्चमध्ये बहुतेक हेच झालं. अल्कलाइन पण गळतात, फक्त जरा उशिरा. म्हणून मी एक करतो, दुधाची रिकामी पिशवी धुऊन तिची बोटभर पट्टी कापतो आणि सेल आणि झाकणाच्या स्प्रिंगच्या मध्ये ठेवतो. नवीन रिमोटमध्ये प्लॅस्टिकची जीभ असते ना, तसंच. पट्टी असली की टॉर्च चुकून चालू राहत नाही, बटणातून थोडा थोडा करंट जात असेल तर तो पण बंद. लाइट गेली की झाकण फिरवायचं, पट्टी काढायची, झाकण लावायचं, डोळे मिटून जमतं. मी आईकडून डोळे मिटून करवून घेतलंय, ती दुसऱ्याच वेळेला शिकली, मुलाला चार वेळा लागले.

गळलेला टॉर्च लगेच फेकू नका. अल्कलाइनची पांढरी पावडर असेल तर कान साफ करायच्या काडीला व्हिनेगर नाहीतर लिंबाचा रस लावून स्प्रिंग घासायची, साध्या स्वस्त सेलचं असेल तर उलट, खाण्याचा सोडा पाण्यात कालवून. मग कोरडं पुसून एक दिवस वाळवायचं. हातमोजे नसतील तर पिशवी घाला हाताला आणि त्याच हाताने डोळे चोळू नका.

आता उजेडाचं. डब्यावर वॉट लिहिलेलं असतं त्याच्याकडे बघूच नका, वॉट म्हणजे किती खातो, किती उजेड देतो ते लुमेनमध्ये असतं. घरात अंधारात चालायला वीस ते पन्नास लुमेन भरपूर झाले. शे-दीडशे लुमेनचा टॉर्च छताकडे तोंड करून स्टीलच्या पेल्यात उभा केला की आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत जेवता येईल एवढा उजेड पसरतो, छत पांढरं असलं तर. म्हणून टॉर्चची शेपटी सपाट पाहिजे, स्वतःच्या पायावर उभा राहणारा पाहिजे, हे दुकानात काउंटरवर उभा करून बघायचं. पाचशे-हजार लुमेनचे झूमवाले टॉर्च बघायला भारी वाटतात, पोरं तर त्याच्यावरच उड्या मारतात, पण घरात त्याचा झोत एका जागी पडतो, बाकी सगळा अंधार आणखी काळा दिसतो, आणि कोणाच्या डोळ्यावर गेला की पुढचं एक मिनिट तो माणूस आंधळा. कमी-जास्त असे दोन तरी मोड पाहिजेत आणि चालू केल्यावर आधी कमी लागला तर सोन्याहून पिवळं. ते फ्लॅश होणारं पोलीस मोड कशाला देतात देवाला माहीत.

किती तास चालतो ते पण डब्यावर असतं, त्यात एक मेख आहे. बऱ्याच चांगल्या कंपन्या जे अमेरिकन स्टँडर्ड वापरतात त्याच्यात सुरुवातीच्या उजेडाच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ धरतात. म्हणजे बारा तास लिहिलं असेल तर शेवटचे काही तास नुसतं टिमटिम. दोनशे लुमेनचा वीसवर आला तरी बाथरूमला जायला चालेल, पण स्वयंपाकाला नाही.

आणि रंग. निळसर पांढरा उजेड जास्त वाटतो म्हणून लोक तोच घेतात. आमच्या आईच्या दोन गोळ्या आहेत, एक फिकट गुलाबी, एक पांढरी, दोन्ही एकाच आकाराच्या. स्वस्तातल्या निळसर टॉर्चखाली त्या दोन्ही मला सारख्याच दिसल्या, मी पाकीट वाचून दिल्या म्हणून बरं. डब्यावर ४००० ते ५००० केल्व्हिन लिहिलेलं असेल तर उजेड दिवसासारखा साधारण असतो, ३००० ला पिवळसर, ६५०० ला निळा. जिथे काही लिहिलेलंच नाही तिथे दुकानात स्वतःच्या तळहातावर मारून बघा, हात मेलेल्या माणसासारखा दिसला तर खाली ठेवा.

टॉर्च किती पाणी सोसतो ते डब्यावरच्या आयपीएक्स आकड्याने कळतं. आयपीएक्स ४ म्हणजे कुठूनही शिंतोडे आले तरी चालेल, आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. घरात आणि जिन्यात ४ पुरे. तळमजल्यावर राहत असाल, दरवर्षी पाणी शिरत असेल तर ७ घ्या. पण टॉर्च पाण्यात चालतो म्हणून पाणी भरलेल्या मीटर रूममध्ये कोणी जायचं नाही, वायरमन येईपर्यंत बाहेर उभं राहायचं. पाणी भरलं की सप्लाय मुद्दाम बंद करतात ते आपल्याच जिवासाठी असतं, तेव्हा वॉचमनवर ओरडून उपयोग नाही.

इन्व्हर्टर बल्बबद्दल सगळे विचारतात. चांगली वस्तू आहे, नेहमीच्या होल्डरमध्ये बसतो, लाइट गेली की आतल्या बॅटरीवर तीन-चार तास जळतो. फक्त भिंतीवरचं बटण चालू राहिलं पाहिजे, आमच्याकडे आई काटकसर म्हणून बंद करायची आणि मग म्हणायची हा बल्ब फसवा आहे. एक धोका लक्षात ठेवा, घरचा मेन एमसीबी पाडला तरी हा बल्ब बहुतेक वेळा जळतच राहतो, त्यामुळे बल्ब बघून करंट आहे की नाही ठरवू नका, पंख्याचं काम काढलं असेल तर टेस्टर लावा. स्वयंपाकघरात एक बसवा, तरी टॉर्च लागतोच, बल्ब हातात घेऊन जिना उतरता येत नाही.

जिन्याचं मला १२ ऑक्टोबर २०२० ला कळलं. सोमवार, सकाळी दहाच्या सुमाराला जवळजवळ अख्ख्या मुंबईची लाइट गेली, लोकल जागच्या जागी उभ्या. भर दिवसा टॉर्च कशाला लागेल असं वाटतं ना, पण आमच्या बाथरूमला खिडकी नाही आणि जुन्या बिल्डिंगच्या जिन्यात दुपारी पण वळणावर काळोख असतो. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना पाण्याची कळशी घेऊन वर यायचं होतं, एका हातात कळशी, दुसऱ्या हाताने कठडा, टॉर्च धरणार कशात? तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो की एक तरी डोक्याला बांधायचा टॉर्च घ्या. ट्रेकला जाणारी पोरं वापरतात तो. दोन्ही हात मोकळे, गॅसवर भांडं बघायचं असो की फ्यूज बघायचा असो. आई आधी म्हणाली खाणकामगार दिसते मी, आता लाइट गेली की तीच पहिली डोक्याला लावते.

घ्यायचा कुठे? ऑनलाइन फोटोत सगळेच चमकतात, जमलं तर मुंबईत लोहार चाळीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, एक चक्कर मारा, हातात घेऊन, बटण दाबून, काउंटरवर उभा करून बघता येतो. सुटे सेल आणि चार्जर लॅमिंग्टन रोडला. बटण अंधारात चाचपून सापडतं का ते डोळे मिटून बघा, दुकानदार विचित्र नजरेने बघेल, बघू दे.

आमच्या दोन खोल्यांत आता चार आहेत. आईच्या उशाशी छोटा, दाराच्या मागे खिळ्याला दोरीने टांगलेला पेन्सिल सेलवाला, डोक्याचा फ्रीजवर, लिथियमवाला माझ्या बाजूला. दारामागच्याला अंधारात चमकणाऱ्या रेडियमची पट्टी चिकटवलीय. महिन्याच्या लाइटबिलाचा मेसेज आला की चारही टॉर्च एकदा लावून बघायचे, हे काम मुलाचं आहे. तो मागच्या महिन्यात विसरला आणि डोक्याचा टॉर्च सापडला क्रिकेटच्या किटमध्ये, चालू.