कर्नलमधला वेब सर्व्हर: आधी बंद करायची सोय, मग बाकीचं

लिनक्स कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) आत वेब सर्व्हर लिहायला बसलं की हात आधी सॉकेटकडे (नेटवर्कवर बोलायच्या टोकाकडे) जातो. मी शिकवताना उलटीकडून सुरुवात करतो: हा सर्व्हर बंद कसा होणार ते आधी ठरवा. साधा प्रोग्रॅम अडकला तर किल करून मोकळं होता येतं. इथे थ्रेड (कर्नलमध्ये स्वतंत्र चालणारं काम) अडकला की 'आरएममॉड'ही (मॉड्यूल, म्हणजे कर्नलमध्ये घालता-काढता येणारा कोडचा तुकडा, काढणारी कमांड) त्याची वाट बघत लटकतं आणि शेवटी रीबूट करावं लागतं. म्हणून हे सगळं क्यूईएमयूसारख्या व्हर्च्युअल मशीनमध्येच करा.

चालू कर्नलचे हेडर (मॉड्यूल बिल्ड करायला लागणाऱ्या फायली) टाकून घ्या आणि मॉड्यूल घालताना चालणाऱ्या इनिट फंक्शनमध्ये 'सॉक_क्रिएट_कर्न'ने सॉकेट बनवा. बाइंड करताना (सॉकेट पत्त्याला जोडताना) पत्ता १२७.०.०.१ आणि पोर्ट ८०८० द्या, म्हणजे बाहेरून कुणी पोचणार नाही. मग लिसन (कनेक्शन घ्यायला तयार होणं), मग 'केथ्रेड_रन' (थ्रेड सुरू करणं). मधली कुठलीही पायरी फसली तर सॉकेट सोडून एरर परत करा.

आता मुख्य गोष्ट. थ्रेडमधलं ॲक्सेप्ट हे फंक्शन कनेक्शनची वाट बघत झोपतं, आणि मॉड्यूल काढताना बोलावलेलं 'केथ्रेड_स्टॉप' थ्रेड संपायची वाट बघतं. कनेक्शन आलंच नाही तर दोघंही खोळंबून राहतात. लिसन करणाऱ्या सॉकेटच्या 'एसके_आरसीव्हीटाइमओ'मध्ये एका सेकंदाचा टाइमआउट घाला. दर सेकंदाला ॲक्सेप्ट रिकाम्या हाताने परत येईल, तेव्हा लूपमध्ये 'केथ्रेड_शुड_स्टॉप' (थांबायला सांगितलंय का) तपासा. एरर आली म्हणून थ्रेडने परस्पर संपायचं नाही, कारण नंतरचा 'केथ्रेड_स्टॉप' मग सोडून दिलेल्या मेमरीला हात लावू शकतो. आलेल्या प्रत्येक कनेक्शनलाही असाच टाइमआउट हवा. नाहीतर नुसतं जोडून गप्प बसलेला एक क्लायंट सगळं अडवून धरेल.

रिक्वेस्टचा बफर (आलेला मजकूर साठवायची जागा) स्टॅकवर (फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीत) ठेवू नका. ६४-बिट एक्स८६वर कर्नल स्टॅक जेमतेम १६ केबी असतो. 'केमॅलॉक' या मेमरी मागवणाऱ्या फंक्शनने ४०९६ बाइट घ्या, ४०९५ पर्यंतच वाचा, शेवटी शून्य टाका. एका वाचनात पूर्ण रिक्वेस्ट येईलच असं नाही, त्यामुळे रिक्वेस्टमधल्या हेडर ओळींनंतरची रिकामी ओळ दिसेपर्यंत वाचत राहा आणि बफर भरला तर सरळ कनेक्शन तोडा. उत्तरात स्टेटस, कंटेंट-लेंग्थ (मजकुराची लांबी) आणि मजकूर एवढंच पाठवा.

रेंज हेडरच्या (फाइलचा ठरावीक भाग मागणाऱ्या हेडरच्या) वाटेला जाऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. विंडोजच्या 'एचटीटीपी.सिस' या कर्नल ड्रायव्हरमध्ये नेमकी तिथेच इंटिजर ओव्हरफ्लोची (आकडा ठरलेल्या जागेत न मावण्याची) चूक निघाली होती. एप्रिल २०१५ मध्ये तिचा पॅच आला. एका हेडरवर अख्खं मशीन कोसळत होतं. लिनक्स २.४ मध्ये 'केएचटीटीपीडी' नावाचा असाच सर्व्हर होता, पुढे तोही काढून टाकला गेला. फायली वेगाने पाठवायच्या असतील तर 'सेंडफाइल' आणि 'ईपोल' या लिनक्सच्या सोयी वापरून कर्नलबाहेरचा सर्व्हरच ते काम चोख करतो. कर्नलमधला सर्व्हर कर्नल शिकण्यासाठी लिहा.

'इन्समॉड' (मॉड्यूल घालणारी कमांड) करून कर्ल या कमांडने पान मागवा, 'आरएममॉड' करा, 'डीमेसेज' (कर्नलचे संदेश) बघा आणि लगेच पुन्हा 'इन्समॉड' करा. 'पत्ता वापरात आहे' अशी एरर आली तर जुनं कनेक्शन अजून टाइम-वेटमध्ये (बंद झाल्यावरच्या थांब्यात) आहे. बाइंडच्या आधी 'सॉक_सेट_रीयूजॲड्र' लावलं की ती अडचण जाते.