फॉरवर्डनं पोरांचा कोच व्हायचं असेल तर

मी कोल्हापुरात पेठेच्या फुटबॉल संघातून फॉरवर्ड खेळलो. गुडघा गेला आणि चौदा वर्षांखालची पोरं गळ्यात पडली. पहिल्या आठवड्यात मी काय केलं, तर एक चेंडू, सोळा पोरं रांगेत, आणि मी व्हॉली, म्हणजे चेंडू हवेतच मारायचा फटका, दाखवतोय. पाचव्या व्हॉलीला मागच्या पोरांनी चपलांचे गोलपोस्ट मांडून वेगळाच डाव सुरू केला होता.

तेव्हा पहिलं काम हे: दोन आठवडे चेंडूला पाय लावू नका. अवघड जातं. फॉरवर्डला टाळ्यांची सवय असते.

दुसरं, सर्बियाच्या वेल्को पाउनोविचकडं बघा. वडील ब्लागोये युगोस्लाव्हियाचे डिफेंडर, पोरगा पुढं खेळणारा. बेलग्रेडच्या पार्टिझानमधून स्पेनला गेला, अ‍ॅटलेटिको माद्रिद, मायोर्का, ओव्हिएदो, गेताफे असे क्लब फिरला. राष्ट्रीय संघातून मात्र दोनच सामने. आणि या माणसानं कोच म्हणून २०१५ साली न्यूझीलंडमध्ये सर्बियाच्या पोरांना वीस वर्षांखालचा वर्ल्ड कप जिंकून दिला.

पहिलीच मॅच उरुग्वेकडून ०-१ हरले होते. पोरं पहिली मॅच हरली की घरी जाऊन अख्खी टीम बदलायचा मोह होतो. रात्री नव्या टीमच्या चिठ्ठ्या लिहू नका. बाद फेरीत त्यांच्या चारही मॅच जादा वेळेत गेल्या: हंगेरी, मग अमेरिका (ती पेनल्टीवर), माली, आणि ऑकलंडला फायनलमध्ये ब्राझील. सत्तराव्या मिनिटाला सर्बियाच्या मांदिचनं गोल केला, ब्राझीलनं तीन मिनिटांत फेडला. ११८व्या मिनिटाला जिंकून देणारा गोल मारला नेमान्या माक्सिमोविचनं, आणि तो मिडफिल्डर, मधल्या फळीतला!

मी यातून काढलेला सराव असा. शेवटची दहा मिनिटं, पोरं दमलेली असतानाच, अर्ध्या मैदानात चार विरुद्ध चार. नियम एकच: मागून पास देणाऱ्यानं गोल होईपर्यंत गोलपुढच्या बॉक्समध्ये पोचायचं. नाही पोचला तर गोल धरायचा नाही. पहिले चार दिवस भांडणं होतात, "सर, झाला होता की गोल!" होऊ द्या. नुसते मैदानाला फेरे मारून हे येत नाही. फेऱ्यांत पोरगं फक्त फेरे संपायची वाट बघतं.

राहिला गोली. आम्ही फॉरवर्ड लोक त्याला कोपऱ्यात भिंतीवर चेंडू मारत सोडतो. सर्बियाच्या त्या टीमचा कॅप्टनच गोली होता, प्रेड्राग राय्कोविच. स्पर्धेतला सर्वोत्तम गोलकीपरही तोच ठरला. आठवड्यातून एक दिवस गोलजाळीच्या मागं उभं राहून सगळा सराव बघा. मी बघितला तेव्हा कळलं, आमचा गोली कॉर्नर आला की डोळे मिटून घेतो. तीन महिने मी त्याला "उडी मार, उडी मार" म्हणून ओरडत होतो.