हवामान केंद्रांचं जाळं उभारताय? या चुका टाळा

शेकडो किलोमीटरमध्ये एखादंच हवामान केंद्र असलेल्या भागासाठी निधी मंजूर झाला, की बैठकीत पहिला प्रश्न ठरलेला असतो: एवढ्या पैशांत किती केंद्रं बसतील? खरं तर किती केंद्रं दहा-पंधरा वर्षं चालवता येतील, हे आधी विचारायला हवं. हवामानाची प्रमाण सरासरी ३० वर्षांच्या नोंदींवरून काढतात. सध्या त्यासाठी १९९१ ते २०२० हा काळ धरला जातो. प्रकल्पाबरोबर तिसऱ्या वर्षी बंद पडणाऱ्या पन्नास केंद्रांपेक्षा टिकून राहिलेली बारा केंद्रं संशोधकाच्या जास्त कामाची. म्हणून सुटे सेन्सर, बॅटऱ्या, नोंदी पाठवणाऱ्या सिमचं रिचार्ज, कॅलिब्रेशन (यंत्राचं माप तपासून जुळवणं) आणि देखभालीचा प्रवासखर्च आधी बाजूला काढा आणि मग उरलेल्या रकमेत केंद्रं मोजा.

सोयीची जागा

गच्चीवर चोरीची भीती कमी आणि वायर ओढणंही सोपं, म्हणून केंद्र तिथे चढवलं जातं. मग तापमान हवेचं कमी आणि तापलेल्या स्लॅबचं जास्त नोंदवलं जातं. जागतिक हवामान संघटनेच्या मार्गदर्शनानुसार तापमापक नैसर्गिक जमिनीपासून १.२५ ते २ मीटर उंचीवर असावा. वारा १० मीटरवर मोजायचा आणि आसपासचे अडथळे त्यांच्या उंचीच्या निदान दहापट लांब हवेत. प्रत्यक्षात अशी जागा क्वचितच मिळते. तडजोड करावीच लागते, पण ती लिहून ठेवा. दोन मीटरवर मोजलेला वारा उंचीच्या नोंदीसह वापरता येतो, नोंद नसेल तर तो आकडा फसवतो. चारही दिशांचे फोटो बसवताना आणि त्यानंतर दरवर्षी काढा, कारण झाडं वाढतात आणि शेजारी भिंती उभ्या राहतात.

राखणीचा प्रश्न आफ्रिकेतल्या ‘ताहमो’ या उपक्रमाने बऱ्याच ठिकाणी केंद्रं शाळांच्या आवारात बसवून सोडवला. तिथे कुंपणाइतकाच रोज लक्ष ठेवणाऱ्या माणसाचाही उपयोग होतो.

पावसाचा शून्य

सगळ्यात जास्त घोळ पर्जन्यमापकात होतो. टिपिंग बकेट प्रकारात नरसाळ्यातून आलेलं पाणी छोट्या झुलत्या पात्रात साठतं, पात्र कलतं आणि एक टिप नोंदली जाते. नरसाळ्यात पानं, धूळ, पक्ष्यांची विष्ठा किंवा कोळ्याचं जाळं अडकलं, की बाहेर धो-धो पाऊस आणि फाइलमध्ये ०.० मिमी! याची खूण अशी की आर्द्रता शंभरच्या आसपास, सूर्यप्रकाश एकदम कमी झालेला, शेजारच्या केंद्रावर पाऊस, आणि इथे मात्र कोरडं. दुसरी खूण म्हणजे सर थांबून गेल्यावरही तासन्‌तास संथपणे पडत राहणाऱ्या टिपा. याचा अर्थ तुंबलेलं पाणी झिरपतंय.

तपासणीला प्रयोगशाळा लागत नाही. नरसाळ्याचा व्यास १६ सेंमी आणि एक टिप ०.२ मिमीची असेल, तर एका टिपेला साधारण ४ मिली पाणी लागतं. तळाला बारीक भोक पाडलेल्या बाटलीतून ४०० मिली पाणी तासाभरात सोडा. शंभरच्या आसपास टिपा यायला हव्यात. घाईने ओतलंत तर पात्र कलत असताना पाणी निसटून आकडा कमी येईल आणि चांगल्या यंत्रावर उगाच आळ येईल. चाचणीच्या टिपा नंतर डेटातून वगळायला विसरू नका, नाहीतर भर उन्हाळ्यात २० मिमी पाऊस पडलेला दिसेल.

याहून वाईट सवय म्हणजे केंद्र बंद असलेल्या दिवसांत शून्य भरणं. ‘पाऊस पडला नाही’ आणि ‘नोंद नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकदा मिसळल्या की दुष्काळ आणि संपलेली बॅटरी यांत फरकच करता येत नाही.

घड्याळ

लॉगरची, म्हणजे नोंदी साठवणाऱ्या यंत्राची, वेळ हळूहळू सरकते, कुणी स्थानिक वेळ लावतो, कुणी जागतिक. सगळीकडे जागतिक प्रमाणवेळच ठेवा. शंका आली तर निरभ्र दिवसाचा सौर किरणांचा आलेख काढा आणि त्याचं शिखर त्या ठिकाणच्या गणिती माध्यान्हाशी, म्हणजे सूर्य सर्वांत उंच असण्याच्या गणिताने काढलेल्या वेळेशी, ताडून पाहा. काही मिनिटांचा फरक बहुधा घड्याळ सरकल्याचा, नेमक्या काही तासांचा असेल तर टाइमझोनचा घोळ.

एका रात्रीत बदललेला सेन्सर

जुना काढून लगेच नवा बसवला की नोंदींमध्ये पायरी पडते आणि पुढे कुणीतरी तिला हवामानबदल समजतं. शक्य असेल तिथे दोन्ही निदान वर्षभर शेजारी-शेजारी चालवा. ते जमत नसेल तर तारीख, मॉडेल, अनुक्रमांक आणि उंची तरी लिहा. तापमापकाचं पांढरं कवच मळलं किंवा पिवळं पडलं की शांत, कडक उन्हाच्या दुपारी तापमान जास्त दिसू लागतं, त्यामुळे ते धुतल्याची तारीखही नोंदवहीत हवी.

राष्ट्रीय हवामान खात्याकडे केंद्रं बसवून झाल्यावर जाऊ नका. नोंदी कुणाच्या, कुणाला आणि कोणत्या स्वरूपात मिळणार, प्रकल्प संपल्यावर सिमचं बिल कोण भरणार, हे पहिला खांब रोवण्याआधी लेखी ठरवून घ्या.